सरबत येत होते, पण कोणी पाजत नव्हते

आपल्या मोहल्ल्यांत आणि गावांत चांगल्या नियतीने सुरू झालेली, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गुपचूप बंद पडलेली कामे मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटे पुरणार नाहीत. मुलींचा शिवणवर्ग, अभ्यासिका, शिष्यवृत्तीचा निधी, आठवड्याचा दवाखाना. बंद का पडले असे विचारले की उत्तर बहुधा एकच येते, "लोकांनाच गरज नाही हो, आम्ही तरी काय करणार?" हे उत्तर आम्हाला कधीच पटलेले नाही. का पटत नाही, हे सांगण्यासाठी वाचकांना बांगलादेशात, १९८० च्या सुमारास घेऊन जातो. तिथली एक फार मोठी योजना अशीच फसत चालली होती, आणि तीही लहान मुलांच्या जिवाशी निगडित.

त्या काळी बांगलादेशात जुलाबाने लहान मुले पटापट दगावत. जुलाबात मूल मरते ते मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. यावरचा उपाय तोवर सापडलेला होता. १९६८ साली ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डॉक्टरांनी दाखवून दिले की मीठ आणि साखर योग्य प्रमाणात घातलेले पाणी तोंडावाटे दिले तरी रुग्ण सावरतो, प्रत्येकाला सलाइन लावावे लागत नाही. १९७१ च्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, छावण्यांत कॉलरा पसरला आणि बनगावच्या रुग्णालयात सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी पिंपे भरभरून हे पाणी रुग्णांना पाजले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने, हा कदाचित या शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, अशा आशयाचे मत मांडले. आपल्याकडे यालाच जलसंजीवनी म्हणतात.

शोध लागला, पण तो खेड्यातल्या झोपडीपर्यंत न्यायचा कसा? ते काम 'ब्रॅक' या संस्थेने अंगावर घेतले. तिचे संस्थापक फझले हसन आबेद पेशाने हिशेबनीस, एका मोठ्या तेल कंपनीत बड्या हुद्द्यावर होते. स्वातंत्र्यानंतर उद्ध्वस्त झालेल्या देशात काम करायचे म्हणून त्यांनी लंडनमधले आपले घर विकले आणि १९७२ मध्ये सुल्ला भागात कामाला सुरुवात केली. हिशेबनीसाची सवय त्यांच्या संस्थेत पुढेही दिसते. तिथे प्रत्येक गोष्ट मोजली जाई, आणि या योजनेला शेवटी या सवयीनेच तारले, असे आम्हाला वाटते.

तयार पाकिटे घरोघर पुरवणे त्या वेळी शक्य नव्हते. म्हणून कोणत्याही घरात सापडेल तेच वापरायचे ठरले. तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. नावही घरगुती, लोबोन-गुडेर शरबत, म्हणजे मीठ-गुळाचे सरबत. ऐकायला सोपे, पण यात धोकाही होता. मीठ जास्त पडले तर तेच पाणी बाळाच्या जिवावर उठते. शिवाय प्रत्येक घरातला लोटा वेगळा, मग अर्धा शेर म्हणजे नेमके किती? त्यावर तोडगा साधा निघाला. शिकवणारी बाई माप घेऊन जाई, त्या घरातल्याच भांड्यात पाणी ओती आणि जिथवर पाणी आले तिथे खूण करून देई.

शिकवायला बायकाच नेमल्या, कारण खेड्यातल्या पडद्यातल्या बाईशी परक्या पुरुषाने बोलणे शक्यच नव्हते. थोडेफार शिकलेल्या या बायका गटागटाने एखाद्या भागात मुक्काम करत, पायी घरोघर जात आणि एकेका आईला समोर बसवून शिकवत. लक्षात ठेवायचे मुद्दे आधी दहा होते, नंतर सात केले. आईने ते तोंडी म्हणायचे आणि सरबत स्वतःच्या हाताने करून दाखवायचे.

पगाराची पद्धतही वेगळी होती. किती घरे केली यावर पैसे नव्हते. महिनाभराने दुसरेच तपासनीस येत, शिकवलेल्या घरांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही घरे निवडत, त्या आयांना मुद्दे विचारत, सरबत करायला लावत आणि त्याचा नमुना मिठाच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवत. आईला जितके आठवले आणि जितके बरोबर जमले, त्या श्रेणीप्रमाणे शिकवणारीला मोबदला. सर्वांत खालच्या श्रेणीला काहीच नाही. साहजिकच शिकवण उत्तम झाली. बहुतेक आयांना महिन्यानंतरही सगळे पाठ होते आणि त्यांच्या सरबतातले मीठही सुरक्षित प्रमाणात होते.

इथे थांबले असते तर अहवाल सुरेख झाला असता. इतकी गावे, इतकी घरे, इतके टक्के आया उत्तीर्ण. आपल्याकडचे कितीतरी वार्षिक अहवाल याच ओळीवर संपतात. ब्रॅकने आणखी एक प्रश्न विचारला. घरात मुलाला खरोखर जुलाब झाले तेव्हा हे सरबत दिले का? उत्तर हादरवणारे होते. जुलाबाच्या दहा प्रसंगांपैकी एकातही ते धडपणे वापरले जात नव्हते. आयांना सरबत येत होते, पण त्या मुलांना पाजत नव्हत्या.

अशा वेळी दोन वाटा अगदी सोप्या असतात. एक, लोकांना अडाणी म्हणून मोकळे व्हायचे. दुसरी, तेच काम दुप्पट जोराने करायचे, आणखी बायका, आणखी घरे, पुन्हा तेच दहा मुद्दे. पण शिकवण कमी पडलीच नव्हती, मग आणखी शिकवून काय होणार? अडचण 'कळणे' आणि 'करणे' यांच्या मधे कुठेतरी होती. ती नेमकी कुठे, हे शोधायला संस्थेने लोकजीवनाचा अभ्यास करणारे संशोधक खेड्यांत पाठवले. त्यांनी आयांशी बोलून घेतले, आणि आपल्याच कार्यकर्त्यांनाही तपासणीतून सोडले नाही.

पहिली गाठ भाषेत निघाली. कार्यकर्त्या सांगत, "डायरिया झाला की हे द्या." ऐकणाऱ्या बायकांच्या मते जुलाब चार प्रकारचे होते. अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधाने होणारा तो दूध-हागा, न पचल्याने होणारे ते अजीर्ण, आव पडते ती आमाशा, आणि पाण्यासारखे भडाभड होतात, माणूस मरणाच्या दारी जातो, तो डायरिया. त्यातला शेवटचा प्रकार क्वचितच होणारा. म्हणजे आया सांगितलेले तंतोतंत पाळत होत्या! डायरिया म्हणजे काय, हे दोन्ही बाजूंना वेगळे कळले होते, एवढेच. वर्गात उत्तीर्ण झालेली आई घरी बाळाला 'दूध-हागा' झाला म्हणून सरबत देत नव्हती, आणि तिच्या समजुतीप्रमाणे ती बरोबरच होती.

दुसरी गाठ सर्वांत अवघड, कारण ती घरातलीच. ज्या बायका हे सरबत शिकवत फिरत होत्या, त्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. सांगणाऱ्याच्या मनातली शंका ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचल्याशिवाय राहत नाही, हे आपल्या घरातली लहान मुलेसुद्धा जाणतात. या बायकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यांनी मुद्दे पाठ केले होते, पण मरणाच्या दारातला रुग्ण या साध्या पाण्याने उठून बसलेला कधी पाहिलाच नव्हता.

तिसरी गाठ पुरुषांची. पडदा सांभाळून बायकांनी बायकांना शिकवणे हा या योजनेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, आणि त्यातूनच ही उणीव जन्मली. मूल आजारी पडल्यावर डॉक्टरकडे जायचे की गोळी आणायची, हे घरातला पुरुष ठरवी. त्याला या सरबताबद्दल कोणी काही सांगितलेच नव्हते. परक्या बायका घरात येऊन काहीतरी शिकवून गेल्या, एवढेच त्याला ठाऊक. तो चिमूटभर मिठावर भरवसा का ठेवील? काहींना तर आपल्याला डावलल्याचा रागही होता.

गाठी वेगवेगळ्या, तशी उत्तरेही वेगवेगळी. भाषेची गाठ सोडवणे सोपे होते. कार्यकर्त्या आता चारही प्रकार लोकांच्याच शब्दांत घेऊ लागल्या आणि यांतले काहीही झाले तरी सरबत द्या, असे सांगू लागल्या. विश्वासाच्या गाठीसाठी भाषणे ठेवली नाहीत. कार्यकर्त्यांना ढाक्याच्या कॉलरा रुग्णालयात नेले आणि रुग्ण या पाण्यावर कसे सावरतात ते डोळ्यांनी पाहू दिले. घरोघर शिकवताना आईने केलेले सरबत त्या आधी स्वतः घोटभर पिऊन दाखवू लागल्या. पुरुषांसाठी संस्थेचे पुरुष कार्यकर्ते हाटात, शाळांत आणि मशिदींत जाऊन लोकांशी बोलू लागले. पुढे रेडिओ आणि दूरचित्रवाणीचीही जोड मिळाली.

सरबत मात्र तेच राहिले. तेच मीठ, तोच गूळ, तोच अर्धा शेर. वापर हळूहळू वाढत गेला. १९९० मध्ये घरोघरची ही मोहीम संपली तेव्हा १ कोटी २० लाखांहून अधिक घरांतल्या आयांना कोणीतरी समोर बसून शिकवले होते. जुलाबात जलसंजीवनी देण्याच्या बाबतीत बांगलादेश आज जगातल्या अग्रेसर देशांत गणला जातो आणि तिथले बालमृत्यू पुष्कळच घटले आहेत. त्याचे श्रेय लसीकरण, स्वच्छ पाणी, मुलींचे शिक्षण यांनाही आहे. एकट्या सरबताच्या पदरात ते टाकणे बरोबर होणार नाही.

आम्हाला या हकिकतीत एक बारीक गोष्ट फार बोलकी वाटते. मोबदला ज्ञानासाठी होता, तर ज्ञान मिळाले. वापर कोणी मोजत नव्हते, तोवर वापराचा पत्ता नव्हता. आपल्या शिवणवर्गात आपण काय मोजतो? बहुधा प्रवेश आणि प्रमाणपत्रे. वर्ग संपल्यावर किती मुलींनी चार पैसे कमावले, ज्यांनी नाही कमावले त्यांना कोणी अडवले, यंत्र नव्हते की गिऱ्हाईक नव्हते की घरून परवानगी नव्हती, हे विचारायला त्यांच्या घरी कोण जाते? आणि वर्ग चालवणाऱ्यांपैकी कितीजणांनी स्वतःच्या मुलीला तिथे घातले? हा शेवटचा प्रश्न विचारताना कमिटीच्या बैठकीत थोडी चुळबुळ होईल. ब्रॅकमध्येही झाली असेल.

आता थोडे घरातले. हे वाचून कोणी चिमूट-मुठीचा प्रयोग अंदाजाने करू नये. त्या आयांना प्रत्यक्ष मापून शिकवले होते आणि त्यांचे मीठ प्रयोगशाळेत तपासले जात होते. आज जलसंजीवनीची पाकिटे सरकारी आरोग्य केंद्रात आणि औषधांच्या दुकानात सहज मिळतात. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवायचे, मुलाला घोट-घोट पाजत राहायचे, उलटी झाली तर थोडे थांबून पुन्हा सुरू करायचे, आणि उरलेले पाणी २४ तासांनंतर फेकून द्यायचे. अंगावरचे दूध बंद करायचे नाही. दुकानातली गोड, रंगीत पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा शौचातून रक्त पडू लागले तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावे, आणि वाटेतही पाणी पाजत राहावे.