धंदा बुडाला तर नेमके काय बुडते?

आपल्या कारागीर बांधवांजवळ हुन्नर कमी नाही आणि मेहनतीलाही ते मागे हटत नाहीत. तरीही मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या कोणत्याही गावी जा, वीस-वीस वर्षे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणणारे लोक जागोजागी भेटतील. स्वतःचे सूत घेऊन स्वतःचा तागा बाजारात का आणत नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "शेठ, डूब गये तो?" आम्ही उलट विचारतो, बुडालात तर नेमके काय बुडेल? यावर बहुतेक जण गप्प बसतात.

भीती वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. बाजारात कशालाच न भिणाऱ्याचे दिवाळे लवकर निघते. अडचण अशी की आपली भीती मोजलेली नसते. समजा, एकाजवळ आठ माग आहेत आणि आठही मजुरीवर चालतात. त्याने सहा माग मजुरीवरच ठेवावेत आणि दोघांवर स्वतःचे सूत लावावे. सूत 60 हजारांचे, कारागिरांची मजुरी, वीज वगैरे 20 हजार, म्हणजे खर्च 80 हजार. बाजार पडला आणि कापड खर्चाच्या पाचव्या हिश्शाने कमी भावात विकावे लागले, तर तोटा 16 हजारांचा. मन म्हणते सारे बुडेल, कागद म्हणतो 16 हजार. आता इतकेच पाहायचे, की उरलेल्या सहा मागांच्या कमाईतून हे 16 हजार किती महिन्यांत भरून निघतील? पाच-सहा महिन्यांत निघत असतील तर हात घालावा. दोन वर्षे लागणार असतील तर दोनऐवजी एकच माग लावावा.

मात्र हा हिशेब रोखीच्या विक्रीचा झाला. तोच माल एका गिऱ्हाईकाला उधार दिला तर 16 नव्हे, पूर्ण 80 हजार पणाला लागतात. आमच्या पाहण्यात भावाने बुडालेले थोडे आणि उधारीने बुडालेले पुष्कळ आहेत. म्हणून पहिला माल रोखीने किंवा दोन-तीन ठिकाणी वाटून द्यावा, भाव दोन पैसे कमी मिळाला तरी चालेल.

दुसरी भीती तुरुंगाची. देणे थकले की पोलीस उचलून नेतील, असे अनेकांना वाटते आणि वसुलीला येणारे लोक ही समजूत मुद्दाम वाढवतात. धंद्यात तोटा आला आणि देणे फेडता आले नाही, एवढा गुन्हा नाही. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज व्हर्गीज विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात स्पष्ट केले, की ऐपत असूनही बुद्ध्या न देणारा वेगळा आणि खरोखर हात रिकामे झालेला वेगळा. दुसऱ्याला केवळ देण्यापायी दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. चेकची गोष्ट निराळी. पुढच्या तारखेचे चेक देऊन ठेवले आणि ते परत गेले, तर नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम न दिल्यास कलम 138 खाली फौजदारी खटला होऊ शकतो आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. तेव्हा भ्यायचेच असेल तर कोऱ्या चेकवर सही करायला भ्यावे.

तिसरी भीती घरादाराची. दिवाणी कायद्याच्या कलम 60 प्रमाणे कारागिराची हत्यारे, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि हिशेबाच्या वह्या जप्तीत जात नाहीत. मोठी यंत्रे यात मोडतात असे धरून चालू नये, आणि बँकेला तारण दिलेली वस्तू तर बँकेचीच समजावी. एकट्याच्या नावावरचा धंदा असो वा 1932 च्या कायद्याखालची साधी भागीदारी, देणे मालकाच्या घरापर्यंत पोहोचते. 2008 च्या कायद्याने आलेल्या मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत ते सहसा पोहोचत नाही. पण बँक वैयक्तिक हमीचा कागद पुढे करते आणि त्यावर सही झाली की ही ढाल गेली. तो कागद जाणत्याकडून वाचून घ्यावा.

आता खरी गोष्ट. लोक पैशापेक्षा अब्रूला भितात, आणि ही भीती धंदा सुरू करू देत नाही तशी तोट्यातला धंदा थांबवूही देत नाही. बाजारात नाव जाईल म्हणून माणूस दुसऱ्याकडून उचलून पहिल्याचे फेडतो, तिसऱ्याकडून उचलून दुसऱ्याचे. घरात सांगत नाही. दोन लाखांचा तोटा असा आठ लाखांचा होतो. नोव्हेंबर 2016 ची नोटबंदी आणि मार्च 2020 ची टाळेबंदी, दोन्ही वेळा माग बंद पडले. त्या काळात जे सूतवाल्याकडे आपणहून वही घेऊन गेले, त्यांच्याशी हप्ते ठरले आणि पुढे त्यांना सूतही मिळाले. ज्यांनी फोन उचलणे बंद केले, त्यांना आज कोणी उधार देत नाही. बाजार तोटा विसरतो, तोंड लपवलेले विसरत नाही.

नातेवाइकांच्या पैशाबद्दल थोडे सांगणे जरूर आहे, कारण ही धास्ती सगळ्यांत जड असते. मेहुणा परदेशातून दोन लाख पाठवतो. ते कर्ज आहे की भागीदारी, हे लाजेपोटी कोणी विचारत नाही. कर्ज असेल तर धंदा बुडाला तरी पूर्ण फेडावे लागेल. मुदारबत असेल, म्हणजे भांडवल त्याचे आणि मेहनत आपली, तर नफा ठरल्या हिश्शाने वाटला जातो. भांडवलाचा तोटा मात्र भांडवलवाल्याचा, आपली मेहनत वाया जाते. हलगर्जीपणा केला किंवा ठरल्याबाहेर पैसा लावला, तर मात्र भरपाई आपल्यावर येते. दोन्हींत केवढे अंतर आहे! सूरह बकरामध्ये देण्याघेण्याचे लिखत करण्याचा हुकूम आहे, पण आपण ते जवळच्या माणसांपाशीच टाळतो. मेहुण्याला फोन करून विचारावे, त्याचा जवाब कागदावर उतरवावा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि मगच सुताचा सौदा करावा.