फोनवरचं बटण आणि गटाचं कर्ज

 

दोन महिन्यांपूर्वी आमच्या मासिक बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्जासाठी अर्ज ठेवला. रक्कम बारा हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'घरात स्मार्ट बटणं बसवणे'. वाचून झाल्यावर आधी सगळ्या हसल्या. कुणी म्हणालं, "उठून बटण दाबायलाही आता कर्ज काढायचं का?" ताई गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "सासूबाई मागच्या महिन्यात रात्री पडसात पडल्या. मी पहाटे पाचला टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाते, हे रात्रपाळीला चाकणला. घरात दिवा लावायला कोण आहे?"

हसणं तिथंच थांबलं.

आमचं पुनावळे तुम्ही पाहिलं असेल. हायवेच्या कडेला वीस-वीस मजली इमारती, आणि आत गावठाणात अजून जाड भिंतींची जुनी घरं. आमच्यातल्या कितीतरी जणी त्या इमारतींमध्ये कामाला जातात. तिथं भिंतीवर बटणंच नसतात, नुसती काच असते, बोट लावलं की दिवा लागतो. मालकीणबाई पलंगावरून फोनला सांगतात आणि पंखा बंद होतो. ते बघून आपल्यालाही वाटतं, आपल्या घरी का नको? वाटण्यात चूक काही नाही. पण गटाचा पैसा सगळ्यांचा असतो. म्हणून आम्ही ठरवलं की आधी समजून घ्यायचं, मग कर्ज मंजूर करायचं. ओळखीच्या परवानाधारक वायरमन दादांना बैठकीला बोलावलं आणि दोन तास प्रश्न विचारले. त्यातून जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, हे खूळ फक्त शहरातलं नाही. शेतावरची मोटार फोनवरून चालू करायची सोय आपल्याकडे बरीच आधी आली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र तयार केलं. साध्या मोबाईलवरून त्याला फोन लावायचा, विहिरीवर वीज आहे की नाही ते कळतं आणि मोटार सुरू किंवा बंद करता येते. शेतीची वीज रात्री-अपरात्री येते. अंधारात बांधावरून जायचं, विंचू-काट्याची भीती, आणि पोचावं तर वीज गेलेली. हे हाल ज्यांनी काढलेत, त्यांना या यंत्राची किंमत सांगावी लागत नाही. म्हणजे गरज खरी असेल तर फोनवरचं बटण ही चैन नाही. प्रश्न एवढाच, की आपल्या घरात खरी गरज कुठल्या बटणाला आहे?

आता हे काम कसं करतं ते बघू. आपलं नेहमीचं बटण म्हणजे फेजच्या वायरीतलं फाटक. दाबलं की फाटक उघडतं, वीज दिव्याकडे जाते. स्मार्ट बटणात त्याच फाटकाला एक छोटा चौकीदार बसवलेला असतो. तो घरातल्या वायफायला जोडलेला असतो. फोनवरून निरोप आला की तो फाटक उघडतो, टक् असा बारीक आवाजही येतो. हा चौकीदार चोवीस तास जागा राहतो, म्हणून त्याला स्वतःला थोडी वीज लागते. त्यासाठी त्याला फेजबरोबर न्यूट्रलही लागतो. आपल्याकडे बहुतेक बोर्डात बटणांशेजारी प्लगही असतो, त्यामुळे न्यूट्रल तिथं आलेलाच असतो. पण फक्त बटणांचा, प्लग नसलेला बोर्ड असेल तर आधी तपासून घ्यावं. न्यूट्रल नसताना चालणारी बटणंही मिळतात, पण त्यांवर कमी वॅटचा एलईडी दिवा कधी कधी बंद करूनही मिणमिणत राहतो.

दुकानात गेलात की तीन प्रकार दाखवतील. एक स्मार्ट बल्ब, दुसरा काचेचा पूर्ण नवा बोर्ड, आणि तिसरा आहे त्याच बटणाच्या मागे बसणारा छोटा डबा, ज्याला मॉड्यूल म्हणतात. स्मार्ट बल्ब स्वस्त दिसतो, पण त्याच्यात एक मेख आहे. भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. सासूबाईंनी सवयीनं जाता जाता बटण बंद केलं, की फोनवरून कितीही बोटं आपटा, दिवा लागत नाही. मॉड्यूलचं तसं नाही. फोनवरूनही चालतं आणि भिंतीवरचं जुनं बटणही चालतं. इंटरनेट बंद पडलं तरी हातानं दिवा लागतो. ज्या घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत, तिथं आम्हाला हाच प्रकार बरा वाटला.

पण सख्यांनो, वायरमन दादांनी ताईंना विचारलं, "सासूबाई फोन वापरतात का?" ताई म्हणाल्या, "नाही." "मग रात्री उठल्यावर त्यांना फोनचा काय उपयोग?" आमच्यापैकी कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. त्यांना हवा होता माणूस आला की आपोआप लागणारा दिवा. त्याला हालचाल ओळखणारा सेन्सर पुरतो. ना वायफाय, ना ॲप, किंमतही काही शेकड्यांत. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर दोन सेन्सर, इतकंच. ज्या कारणासाठी बारा हजारांचं कर्ज मागितलं होतं, त्याचं उत्तर हजाराच्या आत मिळालं.

मग बाकीच्याचा विचार केला. "विजेचं बिल वाचेल" असं दुकानदार सांगतो. आम्ही वहीत गणित मांडलं. नऊ वॅटचा एलईडी बल्ब १११ तास जळतो तेव्हा कुठं एक युनिट होतं. रोज पाच तास विनाकारण चालू राहिला तरी वर्षाला सोळा-साडेसोळा युनिट. आणि मॉड्यूल स्वतः एक वॅट खात असेल, तर वर्षाला पावणेनऊ युनिट त्याचेच. म्हणजे एका दिव्यासाठी मॉड्यूल लावून बचत होते ती नावापुरती. गिझरचं गणित वेगळं. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट झालंच. विसरून दोन तास राहिला तर चार युनिटपर्यंत. म्हणून जिथं वॅट जास्त आणि विसरण्याची सवय, तिथं हे बटण पैसे वाचवतं. 'पंधरा मिनिटांनी आपोआप बंद' अशी वेळ लावता येते.

इथं एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण ती आमच्याच गटातल्या एका घरी घडली आहे. भाच्यानं हौसेनं दिव्याचं मॉड्यूल गिझरच्या बटणामागे जोडलं. दिव्याचं मॉड्यूल सहसा थोड्याच ॲम्पिअरचं असतं, गिझर खेचतो जवळजवळ नऊ. चौथ्या दिवशी जळका वास आला, बोर्ड उघडला तर प्लॅस्टिक वितळलेलं. वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. गिझरला १६ ॲम्पिअरचंच घ्यायचं. पाण्याच्या मोटारीचं आणखी वेगळं, ती सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट घेते. ती थेट मॉड्यूलवर न लावता मध्ये कॉन्टॅक्टर लावावा लागतो. हे काम वायरमनचंच. पंख्याचंही विचारून घ्या. साध्या मॉड्यूलनं पंखा चालू-बंद होतो, पण वेग फोनवरून बदलायचा असेल तर पंख्यासाठीचं वेगळं मॉड्यूल लागतं.

बसवताना आपण शेजारी उभं राहायचं आणि या गोष्टी बघायच्या. मेन बंद केला का? टेस्टर लावून वीज नाही याची खात्री केली का? जुन्या वायरी सोडण्याआधी फोनवर फोटो काढला का? न्यूट्रल त्याच सर्किटचा घेतला का, की शेजारच्या खोलीतून उसना आणला? उसना न्यूट्रल पुढे त्रास देतो. बोर्डाचा डबा पुरेसा खोल आहे का? वायरी कोंबून झाकण दाबलं तर सांधे सैल होतात आणि तापतात.

आणि सगळ्यात आधी, घरात अर्थिंग आणि आरसीसीबी आहे का ते बघा. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. जेवढी वीज गेली तेवढीच परत आली का, हे ती सतत मोजत असते. ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला की ती वीज तोडते. फरक पडतो म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चाललेली असते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. आम्ही बैठकीच्या तारखेलाच दाबतो, म्हणजे विसरत नाही. ताईंच्या घरी आरसीसीबी नव्हती. हातात फोनवरचं बटण आणि घराला संरक्षण नाही, हे काही बरोबर नाही.

जोडून झालं की फोनची पाळी. बहुतेक मॉड्यूल २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. राउटरवर दोन नावं दिसत असतील तर पाचचं न घेता दुसरं घ्यायचं. गावठाणातल्या जाड भिंतीतून वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही, म्हणून विकत घेण्याआधी त्या बोर्डाजवळ उभं राहून फोनला रेंज येते का बघा. बटणांना नावं मराठीत द्या, 'पडवी', 'मोरी', 'अंगण', म्हणजे घरातल्या कुणालाही कळेल. वीज जाऊन परत आल्यावर बटणानं काय करायचं, हीसुद्धा सेटिंग असते. गिझरला 'बंदच राहा' असं ठेवा. नाहीतर घरात कुणी नसताना वीज येईल आणि गिझर चालू होईल. इस्त्री, शेगडी, हीटर फोनवरून लावायचं तर मनातही आणू नका. आणि बल्ब बदलताना नुसतं बटण बंद करून चालत नाही, मेन बंद करा. आपण स्टुलावर आणि कुणी तरी दुसऱ्या गावाहून फोनवर बटण दाबलं तर?

आता शेवटची गोष्ट, जिच्यावर आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं. हे सगळं कुणाच्या फोनवर? ॲपमध्ये कुठला दिवा किती वाजता लागला, किती वाजता बंद झाला याची नोंद राहते. म्हणजे घरात कोण कधी उठलं, कधी झोपलं, कधी बाहेर गेलं हे फोन हातात असलेल्या माणसाला कळतं. एक सखी म्हणाली, "म्हणजे हे कामावरून विचारणार, अकरापर्यंत लाइट का होता?" सगळ्या हसल्या, पण हसता हसता गप्पही झाल्या. दिवा उजेडासाठी असतो, हिशेब मागण्यासाठी नाही. म्हणून खातं घरातल्या बाईच्या नंबरवर उघडावं, बाकीच्यांना त्यातून जोडून घ्यावं. पासवर्ड स्वतःला माहीत असावा. ज्यांनी खोल्या भाड्यानं दिल्यात, त्यांनी भाडेकरू आल्यावर आपलं खातं तिथून काढून टाकावं. त्यांच्या घरातला दिवा आपल्या फोनवर असणं योग्य नाही.

तर कर्जाचं काय झालं? ताईंनी नवा अर्ज लिहिला. वाटेवर दोन सेन्सर, गिझरला १६ ॲम्पिअरचं एक बटण, अंगण आणि पडवीसाठी एक मॉड्यूल, आरसीसीबी, आणि वायरमनची मजुरी. सगळं मिळून सहा हजार. बारा हप्ते, महिन्याला पाचशे, व्याज गटाच्या नेहमीच्या दरानं. एकमतानं मंजूर झालं. पहिला हप्ता त्यांनी मागच्या बैठकीत भरला. अंगणातला दिवा आता संध्याकाळी सातला आपोआप लागतो, आणि पहाटे ताई बाहेर पडताना त्यांच्याही पायाखाली उजेड असतो. सासूबाईंना आम्ही भेटायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "मला बटणाचं काही कळत नाही बाई, पण पाय ठेवायच्या आधी जमीन दिसते."

तुमच्या गटात असा अर्ज आला तर हसू नका, आणि लगेच सहीही करू नका. तीन प्रश्न विचारा. हे कुणासाठी हवंय? त्या माणसाला ते वापरता येईल का? आणि घरात आरसीसीबी आहे का? उत्तरं मिळाली की रक्कम आपोआप ठरते.