अंगणांतील किल्ला

दिवाळी जवळ आली, म्हणजे वडीलधारी मंडळी फराळाच्या व खरेदीच्या विवंचनेंत पडतात आणि मुलांचें लक्ष अंगणाच्या कोपऱ्याकडे लागतें. तेथें किल्ला उभारावयाचा असतो. हल्लीं बाजारांत प्लास्टरचे रंगविलेले तयार किल्ले मिळतात. त्यांतील एक आणून मांडला कीं मुलांची हौस फिटली, असें पुष्कळ घरांतून समजलें जातें. ही समजूत बरी नव्हे. किल्ला ही मांडून ठेवण्याची वस्तु नसून करून शिकण्याची विद्या आहे.

तिचें साहित्य बागेंतच असतें. दगड व विटांचे तुकडे रचून डोंगराचा सांगाडा करावा. त्यावर जुनें गोणपाट चिखलांत भिजवून पांघरावें, म्हणजे वरची माती घसरत नाहीं. चाळलेल्या तांबड्या मातीचा लेप एकदम जाड देऊं नये. तो वाळतांना भेगाळतो. पातळ थर द्यावा, व तो थोडा सुकल्यावर दुसरा. तट, बुरूज व पायऱ्या माती ओलसर आहे तोंच कोराव्या. भिंतीवरील शेवाळ उतारावर लावलें कीं कुरण होतें. कुंपणाच्या मेंदीच्या डहाळ्या खोंवल्या कीं रान होतें.

हिरवळीस अळिवाचे दाणे उत्तम. ते भिजले म्हणजे त्यांभोंवतीं चिकट आवरण तयार होतें. त्यामुळें ते चढावरहि धरून राहतात. मोहरी घरंगळते, ती माचीवर व पायथ्याशीं पेरावी. वसुबारसेपूर्वीं चार-पांच दिवस पेरणी करावी. पाणी ओतूं नये, हातानें शिंपडावें.

वडील मंडळींनीं येथें पैशानें नव्हे, तर ज्ञानानें साह्य करावें. महाद्वार समोरून कां दिसूं नये, हें आजोबांनीं नातवंडांस विचारावें. रायगडाचें महाद्वार दोन बुरुजांच्या आड वळणावर आहे; शत्रूला सरळ चाल करून येतां येऊं नये, हा त्यांतील हेतु. राजगडास पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन माच्या, व मध्यें उंच बालेकिल्ला; एक माची पडली तरी झुंज थांबूं नये, ही ती योजना. आपल्या किल्ल्यावर शिंपडलेलें पाणी कोठें सांचतें तें मुलांनीं पाहावें, आणि टांकें तेथेंच खोदावें. गडावर पाणी नाहीं तर गड टिकत नाहीं, हें मग वेगळें शिकवावें लागत नाहीं.

२०२५ सालच्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्यांपैकीं अकरा महाराष्ट्रांत असून बारावा जिंजी तामिळनाडूंत आहे. ह्या गौरवाचा अभिमान आपण बाळगतोंच. पण ज्या मुलानें एकदां स्वतःच्या हातांनीं बुरूज रचला, त्याला गडावरील ढासळलेला बुरूज पाहून जें वाटेल, तें नुसत्या अभिमानानें वाटणार नाहीं.

कित्येक घरीं मुलगे किल्ल्यावर आणि मुली रांगोळीवर, अशी वांटणी असते. ती मोडावी, दोन्ही कामें दोघांनाहि यावींत. अंगण नसल्यास सज्ज्यांत एक घमेलेंहि पुरे.

तुळशीचें लग्न झाल्यावर किल्ला मोडावा आणि त्याची माती झाडांच्या आळ्यांत पसरावी. प्लास्टरचा तुकडा वर्षानुवर्षें अडगळींत पडतो. माती मात्र बागेच्या उपयोगी पडते, व पुढील वर्षीं पुन्हां किल्ल्यास मिळते. यंदा घरांतील सर्वांनीं मिळून एक संध्याकाळ ह्या मातीस अवश्य द्यावी.