तळ्यांतील गाळ व नव्या जंतूंची नोंद

उन्हाळ्यांत तळ्याचा गाळ काढून शेतांत पसरण्याची वहिवाट आपल्याकडे फार जुनी आहे. गाळानें जमिनीचा कस वाढतो हें प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु चिमूटभर गाळांत कोट्यवधि सूक्ष्म जंतु राहतात, व त्यांतील पुष्कळ जातींस शास्त्रांत अद्यापि नांवही मिळालेलें नाहीं, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असेल. पालापाचोळा कुजविणें, गंधक व नत्र यांचीं रूपांतरें करणें, हीं कामें हेच जंतु करितात. असा एखादा जंतु नवा आहे हें कसें ठरवितात, तें येथें सांगावयाचें आहे.

नुसत्या सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहून जंतूची जात कळत नाहीं. कारण हजारों जाती दिसावयास सारख्याच, कांहीं गोल तर कांहीं काडीसारख्या. म्हणून प्रथम एक भाग गाळ नऊ भाग निर्जंतुक पाण्यांत ढवळतात, त्यांतील एक भाग पुन्हां नऊ भाग पाण्यांत घालतात, व असें अनेक वेळां केल्यावर तें विरळ पाणी पोषक द्रव्यें घातलेल्या खळीसारख्या थरावर पसरतात. थरावर निरनिराळे ठिपके उठतात. त्यांपैकीं एक ठिपका पुनःपुन्हां नव्या थरावर रेखून एकाच जातीचें निर्भेळ वाण तयार करितात. गाळांतील बहुतेक जंतु मात्र प्रयोगशाळेंत वाढतच नाहींत, ही या कामांतील मोठी अडचण होय.

वाण हातीं आल्यावर त्याची ज्ञात जातींशीं तुलना करावी लागते. प्रत्येक जंतूच्या पेशींत ‘१६ एस’ नांवाचा सुमारें १,५०० अक्षरांचा एक आनुवंशिक लेख असतो. तो जवळच्या ज्ञात जातीशीं शेंकडा ९८.७ हून कमी जुळल्यास जात नवी असल्याचा संभव बळकट होतो. परंतु अधिक जुळला म्हणजे जात तीच, असें मात्र म्हणतां येत नाहीं. तेव्हां सबंध आनुवंशिक लेख ताडून पाहतात. तें साम्य शेंकडा ९५ ते ९६ च्या खालीं गेल्यास जात निराळी समजतात. याशिवाय तो जंतु किती उष्णता, मीठ व खार सोसतो, काय खातो व त्याच्या पेशींत कोणतीं स्निग्ध द्रव्यें आहेत, हेंही पाहतात.

इतकें झालें तरी काम पुरें होत नाहीं. जमिनीच्या व्यवहारांत जशी फेरफाराची नोंद, तशी येथेंही नोंद लागते. त्या वाणाचा नमुना निदान दोन देशांतील संग्रहालयांत ठेवावा लागतो, व वर्णन शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध व्हावें लागतें. आपल्या देशांत पुणें व चंदीगड येथें असे संग्रह आहेत. ठेवलेला नमुना म्हणजे हद्दीचा दगडच. पुढें शंका निघाल्यास कोणासही त्याच्याशीं ताडून पाहतां येतें.

पाण्यांतील जंतूंसही हीच रीत लागू आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यांत सांपडलेल्या एका जंतूस २०१२ सालीं ‘सेसेम्बिया लोणारेन्सिस’ हें नांव मिळालें. त्यांतील पहिला शब्द हैदराबादच्या संशोधनसंस्थेच्या आद्याक्षरांवरून घेतला आहे, व दुसरा आपल्या लोणारावरून.

हें ठिकाणाचें नांव केवळ शोभेचें नव्हे. २००२ च्या जैवविविधता अधिनियमांत सूक्ष्म जीवांचाही समावेश आहे. परदेशी मनुष्यास किंवा कंपनीस ते येथून नेण्यापूर्वीं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते, व त्यापासून लाभ झाल्यास तो न्यायानें वांटून देण्याची तरतूद आहे. परंतु गाळ कोणत्या तळ्यांतला हेंच लिहिलेलें नसेल, तर गांवानें हक्क सांगावयाचा कशाच्या आधारावर?

म्हणून गांवांत कोणी गाळाचा नमुना घेण्यास आल्यास त्यास अडवूं नये, कारण ज्ञान वाढलेंच पाहिजे. मात्र तारीख, तळ्याचें नांव, नेणाराचें नांव व हेतु आणि मंजुरीचा कागद, इतकें ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडून अवश्य लिहवून घ्यावें. एका पानाची ही नोंद पुढें साक्षीदारासारखी उपयोगी पडेल.