बोटभर सैनिकाची सावली
टेबलावरच्या युद्धखेळांतले चिमुकले सैनिक रंगवणे म्हणजे खेळणी नटवणे, असा समज आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याचे कारण प्रकाशात दडले आहे. २००३ साली अमेरिकेत आलेल्या ‘वॉरमशीन’ या खेळात वाफेवर चालणारे लोखंडी राक्षस आणि त्यांना जादूने हाकणारे सेनानी लढतात. त्यातला माणूस साधारण ३० मिलिमीटर उंच. त्याच्या अंगरख्याची चुणी इतकी उथळ, की दिव्याखाली तिची सावली हातभर अंतरावरून नीट दिसतही नाही. म्हणून सावलीच रंगवावी लागते. अस्तराचा हात, मग मूळ रंग, आणि त्यावर गडद रंगाचे पाणी सोडायचे. ते खाचांत, रिव्हेटांभोवती आपोआप साचते. मग जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवला की कडा उजळतात. बॉयलरच्या सांध्याशी तांबूस ठिपका दिला, की गंज चढला!

फासे काही रंग पाहून पडत नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला? आक्षेप खरा आहे. बिनरंगी सैन्यानेही खेळ अडत नाही. पण राखाडी गर्दीत कोण कोणाचा आणि कोणाच्या हाती काय, हे वाकून पाहावे लागते. रंग ते लांबूनच सांगतो. खर्चाची तक्रार मात्र मान्य. तेव्हा नवख्याने नवे खोके आणण्याआधी हातातला एक सैनिक पुरा करावा.