तहकूब सभा म्हणजे संपलेली सभा नव्हे

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर उंद्री गाव लागते. तिथे एका घरी बाळाचे नामकरण होते, म्हणून आम्ही गेलो होतो. वंदना झाली, नाव ठेवले, जेवणे उरकली. मग मांडवात पाहुणेमंडळींच्या गप्पा सुरू झाल्या. पाहुणे आसपासच्या चार-सहा खेड्यांतले. सोयाबीनचा भाव, मुलांच्या परीक्षा, सोयरिकी, असे करता करता गोष्ट नळावर आली. बाहेरगावची एक ताई म्हणाली,

"टाकी झाली, पाईप आले, अन् आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबले. विचारलं तं म्हणतात, ग्रामसभेत ठराव झाला. आमाले तं सभा झाल्याचंच मालूम नाही."

"सभेला गेल्या नव्हत्या का?" आम्ही विचारले.

"गेलतो ना! पण मान्सं कमी भरली म्हणून सभा तहकूब केली. मंग आलो घरी."

हे ऐकून आम्ही मान खाली घातली. कारण नेमके हेच आमच्याही हातून झालेले आहे. ताईच्या गावाचे नाव आम्ही घेत नाही आणि आमच्याही गावाचे घेत नाही. नाव कोणाचे हा प्रश्नच नाही. ही चूक गावोगावी आपल्या माणसांकडून होते, म्हणून ती इथे सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतली नाली उघडी होती. पावसाळ्यात तिचे पाणी दोन-तीन घरांत शिरायचे. आम्ही विहारात बैठक घेतली, घरोघर फिरलो आणि ग्रामसभेच्या दिवशी पस्तीस-चाळीस माणसे घेऊन शाळेच्या आवारात जाऊन बसलो. बाकी गावातून फारसे कोणी आले नाही. हजेरी मोजली, गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब झाल्याचे जाहीर झाले. आम्हाला वाटले, आपण सभा गाजवली! परत येऊन विहारात चहा केला, थोडी भाषणेही केली. तहकूब सभेची तारीख कार्यालयाच्या फळ्यावर लागली होती. ती कोणी वाचली नाही. ती सभा मोजक्या माणसांत झाली आणि त्या वर्षीचा आराखडा तिथेच मंजूर झाला. आमची नाली त्यात नव्हती.

वस्तीतल्या एका म्हाताऱ्या आजीने आम्हाला गाठले. म्हणाली, "बाबू, तुले तं वाचता येते ना? मंग तो फळा कोन वाचाचा होता?"

आम्ही बी. कॉम. झालेलो, कचेरीत दिवसभर रजिस्टरे लिहिणारे. आजीला उत्तर देता आले नाही.

ग्रामसभा म्हणजे कोण?

मांडवातल्या मंडळींनी आम्हाला जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे इथे सर्वांसाठी देतो. पहिला प्रश्न असा की ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांत फरक काय? ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सरपंच व सदस्य. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. तिथे बसायला कोणाचे आमंत्रण लागत नाही. यादीत नाव आहे म्हणजे तुम्ही सभासद आहात.

आपल्याकडे ग्रामपंचायतीचा कारभार १९५८ च्या कायद्याने चालतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आगेमागे त्या होतात. सबळ कारण नसताना सभा टाळणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. सभेची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणेही बंधनकारक आहे. किती घरांतल्या बायकांना हे माहीत आहे? उंद्रीच्या त्या मांडवात आम्ही विचारले, तेव्हा दोघींनीच हात वर केला.

आता गणपूर्ती. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसे हजर लागतात. गावात ४०० मतदार असतील तर ६० माणसे लागतील. २००० मतदार असतील तर १५ टक्के म्हणजे ३०० होतात, पण १०० माणसांवर काम भागते. म्हणजे मध्यम गावात आपल्या वस्तीतले शंभर मतदार येऊन बसले, तर दुसरे कोणी आले नाही तरी सभा भरते!

आणि गणपूर्ती झाली नाही तर? तर सभा तहकूब होते व पुन्हा बोलावली जाते. मेख इथेच आहे. तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नाही. वीस माणसे असोत की दहा, तिथे झालेला ठराव तितकाच पक्का. ताईच्या गावात आणि आमच्या गावात कायद्याच्या भाषेत काही चुकीचे झाले नव्हते. जे थांबले त्यांनी ठरवले, जे घरी गेले त्यांच्यावर ते लागू झाले.

पैसा कुठला, हक्क कोणाचा?

पुष्कळांना वाटते, ग्रामपंचायतीकडे पैसा नसतो, मग सभेत बसून काय मिळणार? पैसा असतो. घरपट्टी व पाणीपट्टी आपण भरतो, ते गावाचे स्वतःचे उत्पन्न. या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीला मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिला, उरलेला ४० टक्के गावाच्या इतर गरजांसाठी मोकळा ठेवला. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण खात्यामार्फत चालते. रमाई आवास योजनेच्या घरकुलाचे लाभार्थीही ग्रामसभेतून निवडले जातात. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाले. घराघरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचे माप.

गावाने स्वतःचा विकास आराखडा करायचा आणि तो ग्रामसभेत मंजूर करून घ्यायचा, ही पद्धत राज्यात २०१५ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने चालू आहे. नाली, नळ, दिवाबत्ती, स्मशानभूमीचा रस्ता, यांतले जे त्या आराखड्यात नाही, ते त्या वर्षी होणे कठीण. कारकुनीत आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो आहोत. तोंडी कबूल केलेले काम कागदावर आले नाही, तर कचेरीच्या लेखी ते झालेलेच नसते.

बाबासाहेबांची शंका आणि महाडचा धडा

बाबासाहेबांना ग्रामपंचायतीविषयी फार मोठी शंका होती. ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक गावात आपला समाज मूठभर. नुसता सर्वांना मताचा अधिकार देऊन भागणार नाही, आपल्यासाठी राखीव जागा हव्यात. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीतही त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले आणि व्यक्तीला घटनेचा पाया मानले. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतीचे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आले. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात व महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळण्याला घटनेची हमी आली. महाराष्ट्रात २०११ पासून महिलांसाठी निम्म्या जागा आहेत. १९३२ ची मागणी घटनेत यायला साठ वर्षे लागली, हे तरुणांनी विसरू नये.

पण जागा राखीव झाली म्हणून काम झाले असे नाही. महाडचे पहा. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला आणि वहीत राहिला. तीन वर्षे कोणी ओंजळभर पाणी घेऊ शकला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. आणि लगेच ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला! न्यायालयात शेवटचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडले.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. चांगला ठराव झाला तरी त्याच्या मागे माणसे उभी नसतील तर तो वहीतच राहतो. आणि आपण पाठ फिरवली की झालेला ठरावही बदलता येतो.

रोज बुडतो त्याचे काय?

मांडवात एका बापूंनी रोखठोक विचारले, "सभेत दिवस घालवला तं रोज कोन देईन?" प्रश्न खरा आहे. २ ऑक्टोबरच्या सुमारास आपल्याकडे सोयाबीन सोंगणीला आलेले असते. १५ ऑगस्टला निंदण-फवारणीचे दिवस. मजुरी करणाऱ्या घराने चारही वेळा सगळ्यांनी येऊन बसावे, असे आम्ही म्हणत नाही. पण घरातून एक माणूस येऊ शकतो. या सभेला सासू, पुढच्या सभेला सून, त्यापुढे मुलगा. वर्षातले एक-दोन दिवस आणि तेही पाळीने.

दुसरी अडचण भीतीची. ज्याच्या शेतात कामाला जायचे त्याच्यासमोर उभे राहून बोलायचे कसे? इथे एकट्याने बोलू नये. वस्तीचा अर्ज आधीच लिहावा, त्यावर सगळ्यांनी सह्या कराव्यात आणि सभेच्या चार-आठ दिवस आधी ग्रामपंचायतीत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. मग सभेत फक्त एवढेच विचारायचे, "आमच्या अर्जावर काय ठरले?" बोलणारा कोणीही असो, मागणी सगळ्या वस्तीची असते.

सभेत सही करताना वर काय लिहिले आहे ते वाचा. कोऱ्या पानावर सही करू नका. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलीला सोबत न्या. प्रोसिडिंगमध्ये आपला विषय लिहिला का, ते उठण्यापूर्वी वाचून दाखवायला सांगा. नंतर नक्कल मागा. दिली नाही तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही पैसे माफ आहेत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. जन्म-मृत्यूचा दाखला आणि घराचा नमुना आठचा उतारा यांसाठी खेटे पडत असतील, तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखल्याला मुदत ठरलेली आहे. आणि ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, २०२४ मध्ये पदाचे नाव बदलले. अर्ज त्याच नावाने करा.

आजीच्या प्रश्नानंतर आम्ही काय केले, तेही सांगतो. पुढच्या वर्षी पुन्हा सभा तहकूब झाली. या वेळी आम्ही उठलो नाही. दुसरी तारीख विचारली, वहीत लिहून घेतली, विहाराच्या फळ्यावर खडूने लिहिली. तहकूब सभेला आमची बावीस माणसे होती, त्यांत चौदा बाया. नालीचा विषय आराखड्यात आला. काम व्हायला त्यानंतर दीड वर्ष लागले आणि वरची झाकणे अजून अर्ध्याच भागात बसली आहेत. उरलेल्या झाकणांसाठी आमचा अर्ज पुन्हा गेला आहे. त्याची पोच आमच्याजवळ आहे. पण पावसाचे पाणी आता घरात शिरत नाही.

उंद्रीहून निघताना ती ताई एसटीच्या थांब्यावर भेटली. तिने पिशवीतून बाळाच्या नामकरणाची पत्रिका काढली, मागची कोरी बाजू पुढे केली आणि म्हणाली, "अर्जात काय लिहाचं ते यावर लिहून द्या." आम्ही लिहून दिले. वर तिच्या वस्तीचे नाव, मध्ये नळाची मागणी, खाली सह्यांसाठी जागा.

वाचकहो, आपल्या गावच्या येत्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून घ्या आणि विहाराच्या फळ्यावर लिहा. सभा तहकूब झाली, तर दुसरी तारीखही त्याच्याखाली लिहा आणि त्या दिवशी नक्की जा.