रात्रपाळीची अमानत

रमजान लागला की भंडारा, तुमसर, पवनीच्या मोहल्ल्यांत पहाटे तीन-साडेतीनलाच स्वयंपाकघरांचे दिवे लागतात. सहेरीची घाई सुरू होते, कुणी शेजाऱ्याचं दार वाजवून त्याला उठवतो. महिनाभर डोळे चुरचुरतात, दुपारी कामावर जांभया आवरत नाहीत. शेजारच्या हिंदू आणि बौद्ध घरांनाही ही जाग ओळखीची असते. ईदचा चंद्र दिसला की ती संपते.

याच गावांतल्या काही बायकांची जाग मात्र ईदनंतरही संपत नाही. बारा महिने, पाळी येईल तशी, त्या रात्रभर उभ्या असतात. आपण त्यांना सिस्टर म्हणतो. त्यांच्यापैकी एखादीचा रोजा असेल तर ती खजूर पर्समध्ये घालूनच ड्युटीवर जाते. इफ्तारची वेळ झाली आणि त्याच क्षणी एखाद्या रुग्णाचं सलाईन संपलं, तर आधी सलाईन बदललं जातं, खजूर नंतर.

रमजानच्या प्रवचनांत एक शब्द वारंवार येतो: अमानत. कुणी विश्वासानं आपल्या हवाली केलेली वस्तू जशीच्या तशी परत करणं, ही माणसाच्या सचोटीची कसोटी मानली जाते. हा शब्द मराठीला परका नाही. बँकेत किंवा भाड्याच्या घरासाठी आपण जी 'अनामत रक्कम' ठेवतो, ती या 'अमानत'चीच उलटापालट होऊन आलेली. पण पैशाच्या अनामतीची पावती मिळते. दवाखान्यात आपण सिस्टरच्या हाती माणूस ठेवतो, तेव्हा त्याची पावती नसते.

काचेपलीकडचं काम

ही अमानत सर्वांत नाजूक रूपात पाहायची असेल, तर जिल्हा रुग्णालयातला नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष पाहावा. त्याला एसएनसीयू म्हणतात. कमी दिवसांची, कमी वजनाची, जन्मतः न रडलेली, कावीळ किंवा जंतुसंसर्ग झालेली बाळं इथे येतात. लाखांदूर, साकोली, मोहाडीच्या खेड्यांतून आलेली ओली बाळंतीण बाळाला दारात सिस्टरच्या हाती देते आणि स्वतः बाहेर थांबते. संसर्गाच्या भीतीनं तिला हवं तेव्हा आत जाता येत नाही. मग दार उघडलं की एकच प्रश्न येतो, "सिस्टर, लेकरू दूध पेलं का?"

आत काय चाललेलं असतं? बाळाच्या अंगाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिलं पाहिजे. त्यासाठी ते वॉर्मरखाली असतं. ज्या बाळाला ओढून पिता येत नाही, त्याला दर दोन तासांनी मोजून काही मिलिलिटर दूध नळीनं द्यायचं. ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला धोका, गरजेपेक्षा जास्त झाला तर मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा. औषधाचा डोस बाळाच्या वजनावर ठरतो. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर दहापट औषध जातं. प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी हात धुवायचे. दुसऱ्या बाळाकडे वळताना पुन्हा धुवायचे. केलेलं प्रत्येक काम वेळेसह लिहायचं, कारण सकाळी चार्ज घेणारी सिस्टर त्या नोंदीवरच विसंबून असते.

या सगळ्या कामांच्या मुळाशी एकच काम आहे: लक्ष ठेवणं. बाळ बोलत नाही. श्वासाची गती, ओठांचा रंग, हातापायांची हालचाल यांतला बारीक फरक वेळेत दिसावा लागतो. डॉक्टर राउंड घेऊन जातात, सिस्टर तिथेच असते. बिघाड बहुधा तिला आधी कळतो, आणि म्हणूनच काही चुकलं की बोटही आधी तिच्याकडे वळतं.

9 जानेवारीची रात्र

भंडारा जिल्ह्यानं हे फार भयंकर रीतीनं पाहिलं. 9 जानेवारी 2021, शनिवार. मध्यरात्र उलटून दीड-दोनचा सुमार. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या याच कक्षात आग लागली. कक्षात 17 बाळं होती. ड्युटीवरच्या सिस्टरला धूर दिसला, तिनं आरडाओरडा करून माणसं गोळा केली. रुग्णालयातले कर्मचारी आणि अग्निशमन दलाचे जवान धावले. एका भागातली सात बाळं बाहेर काढता आली. दुसऱ्या भागात धूर इतका दाटला होता की आत शिरणंच कठीण झालं. तिथली दहा बाळं गेली. तीन भाजून आणि सात धुरानं गुदमरून, असं तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं.

त्या दहा घरांचं दुःख कुठल्याही हिशेबात बसणारं नाही. आईनं आपलं लेकरू विश्वासानं दारात दिलं होतं. ते का परत मिळालं नाही, हे विचारण्याचा पहिला हक्क तिचाच आहे. सिस्टरांच्या बाजूनं बोलताना हा हक्क विसरला, तर ते बोलणंही खोटं ठरेल.

प्रश्न आहे तो उत्तर कुणी द्यायचं याचा. चौकशी झाली. आगीचं मूळ विजेच्या उपकरणाकडे निघालं. रुग्णालयात आग विझवण्याची पुरेशी यंत्रणा नव्हती आणि तिचा प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर अडकला होता, हे बातम्यांतून समोर आलं. जिल्हा शल्यचिकित्सकांचं निलंबन झालं, इतरांवर कारवाई झाली, कंत्राटी सिस्टरांची सेवा संपवण्यात आली. फेब्रुवारीत पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो दोन सिस्टरांवर, सदोष मनुष्यवधाचा. त्या वेळी कक्षात त्यांचं लक्ष होतं की नव्हतं, हा आरोपाचा गाभा. परिचारिकांच्या संघटनांनी आंदोलन केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, इमारत, वीज आणि अग्निशमन यंत्रणा ज्यांच्या हाती, त्यांच्या वाट्याचा दोषही सर्वांत खालच्या पायरीवर येऊन पडला.

त्या दोघींच्या दोषाचा निवाडा वर्तमानपत्रात होऊ शकत नाही. ते न्यायालयाचं काम. पण एक गोष्ट त्यासाठी थांबवून ठेवायची गरज नाही. लक्ष ठेवणारीचं लक्ष ढळलं का, हा प्रश्न विचारायचाच. त्याच दमात दुसराही विचारायला हवा: तिनं लक्ष ठेवावं म्हणून आपण तिला काय दिलं होतं?

एकीवर किती?

नवजात कक्षांसाठीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की प्रत्येक पाळीत साधारण तीन ते चार बाळांमागे एक सिस्टर हवी. म्हणजे 17 बाळं असतील तर एका पाळीला पाच ते सहा जणी. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर तीन पाळ्यांच्या तिघी, आणि सुट्या-रजांसाठी निदान आणखी एक. हा हिशेब कागदावर सोपा आहे. पद रिक्त राहिलं, कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेली, कुणाला दुसऱ्या वॉर्डात पाठवलं की तो मोडतो. बाळांची संख्या मात्र कमी होत नाही. उरलेल्या सिस्टरांचे हात तेवढेच राहतात आणि फेऱ्या वाढतात.

त्यात रात्रपाळी. सरकारी दवाखान्यांत ती बहुधा रात्री आठ ते सकाळी आठ, सलग बारा तासांची असते. पहाटेच्या वेळी शरीर स्वतःहून मंदावतं. नेमक्या त्याच वेळी बाळाच्या श्वासातला फरक टिपायचा असतो. घरी परतल्यावर झोप मिळेलच असं नाही. मुलांचा डबा, सासू-सासऱ्यांची औषधं, पाणी भरणं वाट पाहत असतं. रमजानात सहेरीच्या अपुऱ्या झोपेनं महिन्याभरात आपली काय दशा होते, ते आठवलं तर तिच्या वर्षाची थोडीशी कल्पना येईल.

दुसरा ताण नोकरीचाच. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या अनेक सिस्टर कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांचा करार, मग नूतनीकरण. शेजारच्या टेबलावरच्या कायम सिस्टरइतकंच काम, पगार मात्र कमी आणि पेन्शन नाही. ज्या बाईला आपली नोकरी पुढच्या वर्षी असेल की नाही हे ठाऊक नाही, तिनं वायर गरम होते आहे, दार अडकतं आहे, माणसं कमी आहेत, असं वरिष्ठांना लेखी द्यायला मोठं धैर्य लागतं. मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा खासगी कंपन्यांमार्फत भरती नको ही त्यांची एक मुख्य मागणी होती. 2023 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी सेवेत कायम करण्यासाठी संप केला. संपाच्या दिवसांत रुग्णांचे हाल होतात, हे खरं. पण संपाची वेळ येण्याआधी त्यांचं ऐकायला कुणाला सवड होती, हेही विचारायला हवं.

तिसरा ताण सुरक्षिततेचा. 27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्यानं अत्याचार केला. त्यानंतर 18 मे 2015 पर्यंत, जवळजवळ 42 वर्षं, ती त्याच रुग्णालयात अंथरुणावर होती. तिला सांभाळलं ते केईएमच्या सिस्टरांनी. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, कूस बदलणं आणि भरवणं थांबलं नाही. ही गोष्ट आपण सेवेची म्हणून अभिमानानं सांगतो. तिची सुरुवात कामाच्या जागी सिस्टर सुरक्षित नसण्यातून झाली, हे सांगायला विसरतो. रुग्णालयांतल्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून स्वतंत्र कायदा आहे. तरी रुग्ण दगावला की वॉर्डात पहिली शिवी, पहिली धक्काबुक्की बहुधा सिस्टरच्याच वाट्याला येते.

दिवा आणि गटार

भंडाऱ्यानंतर सगळ्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून कोरोनाचे अकरा रुग्ण दगावले. अटक झाली एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. 15 नोव्हेंबर 2024 च्या रात्री उत्तर प्रदेशात झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवजात कक्ष पेटला, तेव्हाही दहा बाळं गेली. तिथली एक परिचारिका स्वतःच्या कपड्यांनी पेट घेतला तरी बाळं बाहेर काढत राहिली. तिचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण एका ठिकाणी सिस्टर आरोपी आणि दुसऱ्या ठिकाणी वीरांगना ठरते, भिंतीतली वायर मात्र दोन्हीकडे सुटते.

परिचर्येच्या इतिहासात दोन नावं आदरानं घेतली जातात. सातव्या शतकात मदिनेत रुफैदा अल-अस्लमिया जखमींची शुश्रूषा करत. त्यांच्यासाठी मशिदीच्या आवारात तंबू उभारला गेला होता, असं इस्लामी परंपरा सांगते. म्हणजे समाजानं तिच्या सेवेची नुसती वाहवा केली नाही, तिला मध्यवर्ती जागा दिली. दुसरं नाव फ्लोरेन्स नाइटिंगेल. त्यांचा जन्मदिवस 12 मे हा जगभर परिचारिका दिन. आपल्याला त्यांच्या हातातला दिवा आठवतो. पण क्रिमियाच्या युद्धात स्कुतारीच्या रुग्णालयातले मृत्यू घटले ते 1855 मध्ये गटारं साफ झाली आणि हवा खेळती झाली तेव्हा. पुढे नाइटिंगेलबाई आयुष्यभर आकडेवारी घेऊन सरकारशी भांडल्या ते स्वच्छता, इमारती आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांसाठी. दिव्याचं चित्र भिंतीवर लावायचं आणि गटाराची फाईल तशीच पडू द्यायची, ही त्यांची आठवण नव्हे.

भंडाऱ्याच्या वाचकाच्या हातात यातलं काय आहे? भेटीच्या वेळेबाहेर वॉर्डात गर्दी न करणं, हे आहे. उशीर झाला तर आवाज चढवण्याआधी या वॉर्डात आज किती रुग्ण आणि किती सिस्टर आहेत ते विचारणं, हे आहे. नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य किंवा आमदार दारी आले की रस्ता-नालीबरोबर दवाखान्यातली रिक्त पदं किती आणि अग्निसुरक्षेची तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारणंही आहे. जकात आणि दान देणाऱ्या हातांना, आणि न देणाऱ्यांनाही, हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

अमानतीचा हिशेब दोन्ही बाजूंनी असतो. आई आपलं लेकरू सिस्टरच्या हवाली करते, तेव्हा सिस्टर आईला उत्तर द्यायला बांधील होते. ती सिस्टरही कुणाची तरी लेक असते. तिच्या आईबापांनी तिला रात्रभरासाठी आपल्या सगळ्यांच्या हवाली केलेलं असतं.

उद्या पहाटे सहेरीला उठाल तेव्हा जिल्हा रुग्णालयाच्या त्या कक्षात कुणीतरी आधीच जागी असेल. एका हाताच्या बोटांनी बाळाच्या छातीचे ठोके मोजत, दुसऱ्या हातानं वेळ लिहीत.